पहिल्या तारखेपासून पाडव्यापर्यंत: तीन सवयींची कामवही

२८ डिसेंबर २०२४, शनिवार. तयारी

दरवर्षी डिसेंबर संपताना वहीच्या शेवटच्या पानावर संकल्प लिहितो आणि संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत ते पान मिटलेलं असतं. यंदा पद्धत बदलायची. कारखान्यात नवीन काम आलं की आम्ही जॉब कार्ड काढतो: काय करायचं, किती मापात, कधीपर्यंत, तपासणार कोण. तसंच कार्ड सवयींचं करून बघणार आहे.

मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये टर्नर आहे, लेथवर काम करतो, घर अनगोळला. एक आठवडा पहिली पाळी, सकाळी ७ ते दुपारी ३.३०. पुढचा आठवडा दुसरी, ३.३० ते रात्री १२. सवयींबद्दल जे काही वाचायला मिळतं ते रोज एकाच वेळी उठणाऱ्यांसाठी असतं. पाळीत काम करणाऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर माझ्या चुका त्याच्या कामी याव्यात, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

मुदत १ जानेवारी ते गुढीपाडवा. पाडवा ३० मार्चला येतो, म्हणजे ८९ दिवस. वर्षभराचा संकल्प मला झेपत नाही. एका नववर्षापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मात्र डोळ्यांसमोर राहतं.

पहिली यादी सात सवयींची केली. बायको ब्लाउजला हूक लावता लावता म्हणाली, "अहो, सात कामं एका मशीनवर लावता काय?" बरोबर होतं. चार खोडली. उरली ती ही:

सकाळी चालणं. गोड चहा दिवसाला आठ कपांवरून तीनवर आणणं. रोज कन्नडचं एक पान लिहिणं.

तिसऱ्याबद्दल थोडं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. कन्नड कानावर पडून पडून बोलायला येतं, कारखान्यात निम्मं बोलणं त्यातच होतं. वाचता मात्र येत नाही. लाइटबिल, बसचा बोर्ड, जमिनीची पहाणी (म्हणजे इथला सातबारा), सगळं दुसऱ्याच्या डोळ्यांनी. आईच्या नावावर येळ्ळूरला अठरा गुंठे भातशेती आहे. तिचा उतारा हातात घेऊन "जरा हे काय लिहिलंय सांगा की" असं परक्या माणसाला विचारताना ४७व्या वर्षी मला वाईट वाटतं. ते या ८९ दिवसांत थांबवायचं आहे.

खरेदी: बूट १,३५० रुपये, पावलं मोजणारा मनगटी पट्टा १,४९९, कन्नड अंकलिपी ४५, दोन वह्या ६०, कार्डशीट आणि स्केचपेन २५. तक्ता करून फ्रिजवर चिकटवला.

१ जानेवारी, बुधवार

पहिलाच दिवस गेला. बेळगावात ३१ डिसेंबरला ओल्डमॅन जाळतात हे बाहेरच्यांना माहीत नसेल. गवत, कागद, जुने कपडे भरून म्हाताऱ्याचा पुतळा करायचा आणि रात्री बाराला पेटवायचा. आमच्या गल्लीतल्या पोरांनी दोन महिने वर्गणी गोळा करून भला मोठा केला होता. पोरांबरोबर उभा राहिलो, झोपायला एक वाजला. साडेपाचचा गजर बंद करून परत झोपलो. पाळी सातची, सहा वीसला उठून कसाबसा गेलो.

वर्षातली सगळ्यात वाईट सकाळ सुरुवातीला निवडली. दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर २ तारखेपासून धरा, किंवा ओल्डमॅन लांबूनच बघा.

कन्नडचं पान मात्र झालं. अ, आ, इ, ई. चहा पाच.

२ जानेवारी, गुरुवार

आज पहिलं चालणं. घरातून चौथ्या रेल्वे गेटपर्यंत, तिथून टिळकवाडीच्या वॅक्सिन डेपोच्या मैदानात एक फेरी आणि परत. धुकं एवढं होतं की डेपोतली झाडं दहा पावलांवर आल्यावर दिसत होती. घरी येऊन पट्टा बघितला, पाच हजारांच्या आसपास. पट्ट्यावर दहा हजारांचं लक्ष्य आधीच बसवलेलं आहे.

४ जानेवारी, शनिवार

पट्टा बाद. १,४९९ रुपये वाया गेले आणि ही चूक माझी एकट्याची. लेथवर काम करताना मनगटात काही घालायचं नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. फिरत्या चकमध्ये घड्याळाचा पट्टा अडकला तर हात ओढला जातो. मग आठ तास पट्टा लॉकरमध्ये. दिवसभर मशीनभोवती चालतो ते मोजलं जात नाही आणि संध्याकाळी पट्टा ६,१०० दाखवून दिवस नापास करतो. तीन दिवस मनाला लागलं.

मुलगी पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, सायन्स. तिनं शोधून सांगितलं की दहा हजारांचा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा तिथून जगभर गेला. पट्टा तिला देऊन टाकला. माझं माप आता रस्ता: घर, चौथं गेट, डेपोत एक फेरी, घर. गेलो की झालं.

११ जानेवारी, शनिवार

दुसऱ्या पाळीचा पहिला आठवडा. तक्त्यावर सहा दिवसांत चालण्याची एकच खूण. रात्री बारा वीसला घरी, जेवून झोपायला एक. साडेपाचचा गजर अशा माणसाला काय कामाचा? तरी मंगळवारी उठलो. त्या दिवशी मशीनवर डोळे जड झाले आणि एका शाफ्टचं माप मायनस गेलं, हवं त्याहून बारीक. जॉब स्क्रॅप. सुपरवायझर काही बोलला नाही, पण मला ते पुरेसं होतं. झोप मोडून सवय लावायची नाही, हे त्या शाफ्टनं शिकवलं.

कन्नडचंही तेच. पहिल्या पाळीत रात्री जेवणानंतर लिहायचो, दुसऱ्या पाळीत त्या वेळी मी कारखान्यात. सहापैकी दोन पानं.

१२ जानेवारी, रविवार. नियम नव्यानं

आज तीन तास बसून कार्ड परत केलं. पहिल्या कार्डावर मापच नव्हतं. "सकाळी चालणं" म्हणजे किती वाजता, किती? "चहा कमी" म्हणजे काय? रोज रात्री स्वतःशी वाद घालायचो आणि वादात जिंकणारा मीच.

आमच्याकडे भोकाचं माप तपासायला गो-नो गो गेज असतो. एका दांड्याची दोन टोकं. गो टोक भोकात सरळ गेलं पाहिजे, नो-गो टोक अडकलं पाहिजे. दोन्ही झालं तर जॉब पास. तिथं "जवळजवळ बरोबर" असं काही नसतं, आणि वाचायला आकडाही नसतो. सवयींनाही तसाच गेज हवा.

चालणं: उठल्यावर पहिल्या चहाच्या आधी. घड्याळ नाही. पहिल्या पाळीत ते साडेपाचला येईल, दुसऱ्या पाळीत साडेआठला. चहा आधी झाला तर नापास, मग दुपारी दहा किलोमीटर चाललो तरी.

कन्नड: कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत, डबा धुवून झाल्यावर. दोन्ही पाळ्यांत जेवणाची सुट्टी असतेच. सुट्टीच्या दिवशी घरी, जेवणाचं ताट उचलल्यावर. पान पूर्ण भरलं तर पास, एक ओळ जरी रिकामी राहिली तरी नापास.

चहा: इथं सगळ्यात जास्त डोकं लागलं. आमच्याकडे दोघांत एक चहा घ्यायची पद्धत आहे, बाय-टू. मी बाय-टू अर्धा धरत होतो. मग कुणी बोलावलं की बाय-टूच घ्यायचो आणि दिवसाला सहा बाय-टू म्हणजे "तीन चहा" होऊन जायचे. शिवाय टपरीवाला बाय-टूला हात सैल सोडतो, दोन्ही ग्लास तीन चतुर्थांश भरतो. नवा नियम: हातात साखरेचा चहा आला की एक. ग्लास केवढा, हे बघायचं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काल भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आज पोळ्या. शेजारपाजारचे तिळगूळ घेऊन आले, प्रत्येक घरी "चहा घेऊनच जा". मोजले, सहा झाले. नापास लिहिलं. आईनं विचारलं, "तिळगुळाची साखर धरालास काय?" नाही. कार्डावर फक्त चहा आहे. सणाला गोड खाणं हे माझ्या कार्डावरचं काम नव्हे.

१७ जानेवारी, शुक्रवार

हुतात्मा दिन. १९५६ साली याच दिवशी, बेळगाव म्हैसूर राज्यात घालायचं ठरल्यावर लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात माणसं गेली. लहानपणी बाबांच्या हाताला धरून हुतात्मा चौकात जायचो, अजूनही जातो. दोन तासांची परवानगी काढली आणि आज चालणं तिकडंच केलं, चहाच्या आधी. पास.

चौकात गल्लीतले एक ज्येष्ठ भेटले. मुलीकडून त्यांना कळलं होतं. म्हणाले, "आजच्या दिवशी तरी कन्नडची वही बाजूला ठेव." मी त्यांना उलट बोललो नाही, ते लाठ्या खाल्लेले आहेत. पण दुपारी पान लिहिलं. मराठी माझ्या घरात आहे, मुलीच्या तोंडात आहे, रोज सकाळी पेपरात आहे. माझ्या आईच्या जमिनीचा कागद मला वाचता येत नाही, याचा फायदा मात्र दुसरा कुणीतरी घेऊ शकतो. अक्षर ओळखल्यानं माझी बाजू दुबळी होत नाही, असं मला मनापासून वाटतं. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन हेच सांगून आलो. त्यांनी ऐकून घेतलं. चहा दिला, तो दिवसाचा तिसरा होता.

२० जानेवारी, सोमवार

गजराचा प्रश्न. फोनचा गजर बंद करायला फोन हातात येतो आणि मग वीस मिनिटं त्यातच जातात. खडेबाजारातून घंटीचं घड्याळ आणलं, २८० रुपये. ते स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलं. बंद करायला तिथवर उठून जावं लागतं. बूट ओट्याखाली, मोजे त्यातच. तक्ता फ्रिजवरून काढला. फ्रिज उघडणारा माणूस भुकेला असतो, तक्ता वाचत नाही. आता तो चहाच्या डब्याच्या वर आहे, डबा काढायला हात गेला की आधी रकाना दिसतो.

२२ जानेवारी, बुधवार

मुलगी म्हणाली, "पप्पा, २१ दिवस संपले, आता सवय लागली तुम्हाला." मला तर रोज तेवढाच जोर लागतोय. तिला म्हटलं, शोध हे २१ कुठून आलं. तिनं रात्री शोधून ठेवलं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं की रोग्यांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. पुढं लोकांनी "कमीत कमी" गाळलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर खरोखर बघितलं. सरासरी ६६ दिवस आले, पण कुणाला १८ लागतील असं दिसलं तर कुणाला २५४. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात होतं.

हे वाचून मला धीर आला. माझ्यात काही कमी आहे म्हणून जोर लागतोय, असं तीन आठवडे वाटत होतं.

३१ जानेवारी, शुक्रवार. दंडाचा डबा बंद

१५ तारखेपासून एक प्रयोग चालू होता, तो इथं लिहिला नव्हता. नापास खुणेला ५० रुपये डब्यात. आजवर १३ वेळा, ६५० रुपये जमले. पहिले चार दिवस धाक होता. मग काल टपरीवर चौथा चहा समोर आला आणि माझ्या मनात आलं, ५० रुपये टाकू की, काय होतंय. चुकीची किंमत ठरली आणि ती मला परवडणारी निघाली. दंड भरला की हिशोब फिटला, असं मन मानायला लागलं. डबा बंद करून आईच्या हवाली केला.

१० फेब्रुवारी, सोमवार

ही नोंद लिहायला जड जातेय.

४ तारखेला ताप आला, चार दिवस अंथरुणात. चालणं नाही, कन्नड नाही, चहा आलं घातलेला किती झाला ते माहीत नाही. ताप उतरल्यावर तक्त्यासमोर उभा राहिलो. चार दिवस रिकामे, त्यापुढचे दोन दिवस मी नुसत्या आळसात घालवलेले. स्केचपेन घेतला आणि ८ आणि ९ तारखेच्या रकान्यात पासच्या खुणा करून टाकल्या. कन्नडच्याही केल्या.

मुलगी वही घेऊन आली. "पप्पा, ९ तारखेचं पान कुठाय?" एवढंच विचारलं तिनं.

आमच्या धंद्यात न मोजता तपासणीचा रिपोर्ट भरणं याहून वाईट काम नाही. त्या कागदाच्या भरवशावर कुणाच्या तरी गाडीत तो भाग बसणार असतो. वीस वर्षांत मी कधी असा कागद भरला नाही आणि घरच्या तक्त्यावर भरला. त्या चार खुणांवर लाल रेघ मारली. खाडाखोड तशीच ठेवलीय, नवा तक्ता केला नाही.

दुरुस्ती: करणारा आणि तपासणारा एक नको. तक्त्यावर मी खूण करायची नाही. रात्री आई विचारणार, वही बघणार आणि ठिपका देणार. दुसऱ्या पाळीत सकाळी. आईला लिहिता येत नाही, देवपूजेच्या करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन ती ठिपका लावते. आणि रिकामे दिवस रिकामेच राहणार, भरून काढायचे नाहीत. आज पहिल्या पाळीत सकाळी निघताना पायात बळ नव्हतं, तरी डेपोपर्यंत जाऊन आलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कन्नडमध्ये आठ दिवस अडकलोय. अक्षरांचा क्रम आपलाच, क ख ग घ. ए आणि ओ दोन दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ, ते कानाला माहीत होते म्हणून जमले. डोक्यावरची रेघ नाही, त्याऐवजी बहुतेक व्यंजनांना वर छोटी शेपटी, तिला तलकट्टु म्हणतात. अडचण जोडाक्षरांची. आपण पहिलं अक्षर अर्धं करून दुसऱ्याला चिकटवतो. तिथं पहिलं पूर्ण लिहून दुसरं त्याच्या पायाशी बसतं. आणि त, न, म, य, र, ल ही पायाशी बसली की त्यांचं रूपच पालटतं, वरच्या अक्षराशी ओळख लागत नाही.

कारखान्यात बैलहोंगलचा एक सोबती आहे, ग्राइंडिंगवर. डबा झाल्यावर तो माझं पान बघतो. काल गेटजवळ थांबलेल्या बसच्या अंगावरचं नाव वाचायला लावलं त्यानं. वायव्य कर्नाटक रस्ते सारिगे संस्थे. "वायव्य" जमलं, व च्या पायाशी य. पुढं "क, ना" आणि मग नऊच्या आकड्यासारखं काहीतरी, मग "टक". मी म्हटलं "कनाटक", र विसरला लिहिणारा. "हंगल्ल री, अण्णा," तो म्हणाला, म्हणजे तसं नव्हे, आणि खडूनं जमिनीवर लिहून दाखवलं. ते नऊसारखं चिन्ह म्हणजेच र. बोलताना र आधी येतो, लिहिताना पुढच्या अक्षराच्या नंतर. आपण रफार डोक्यावर ठेवतो, ते बाजूला ठेवतात. ४७ वर्षं ज्या राज्यात राहतोय त्याचं नाव मला काल वाचता आलं.

आजचं पान पूर्ण त्या चिन्हाचं. कर्म, धर्म, सूर्य, वर्ष. शब्द सगळे आपलेच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बसमध्ये भाषेवरून झालेल्या भांडणानं महाराष्ट्र आणि कर्नाटकामधल्या ये-जा करणाऱ्या बस थांबल्या आहेत. कोल्हापूरला बहिणीकडं उद्या जाणार होतो, राहिलं. कारखान्यातही सकाळपासून सगळे गप्प. दुसरी पाळी, रात्री आठला डबा. मला वाटलं आज सोबती येणार नाही. आला. वही पुढं ओढली, दोन चुका दाखवल्या, पान पूर्ण झालं. त्या विषयावर दोघंही बोललो नाही. आईनं रविवारी सकाळी ठिपका जरा मोठा लावला.

१ मार्च, शनिवार

मुलीची पीयूसीची परीक्षा आजपासून, २० तारखेपर्यंत. पहाटे चारला ती अभ्यासाला उठते, त्यामुळं घड्याळाची घंटी बंद केली. तीच मला साडेपाचला हाक मारते. गंमत म्हणजे या आठवड्यात एकही चालणं चुकलं नाही. पोर उठून बसली असताना बापाला पडून राहवत नाही.

९ मार्च, रविवार

दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल. ताट उचलल्यावर पान लिहायचं होतं, ताट टीव्हीसमोरच राहिलं. भारत जिंकला, गल्लीत फटाके, झोपायला उशीर. पान नाही. आईनं ठिपका दिला नाही, मागितलाही नाही. ६८वा दिवस आहे आज. चालण्याला आता जोर लागत नाही, पाय आपोआप बुटाकडं जातात. कन्नडला अजून लागतो. चहाला तर पहिल्या दिवसाइतकाच.

१३ मार्च, गुरुवार

होळी. कारखान्यातून लवकर सुटलो. आईच्या पेटीतून येळ्ळूरच्या जमिनीची पहाणी काढली आणि जमिनीवर बसून वाचायला घेतली. एक तास वीस मिनिटं लागली, कागद एक.

गावाचं नाव पहिलं सापडलं. ळ च्या पायाशी आणखी एक ळ. मग सर्वे नंबर, त्यातही तो नऊसारखा र. गुंटे. पिकाच्या रकान्यात भत्त. आई बाजूला बसून वाती वळत होती. म्हटलं, "आई, भत्त लिहिलंय." ती म्हणाली, "मग काय लिहितील, भातच लावतोय की आपण."

मग मालकाचा रकाना. आईचं नाव एकेक अक्षर लावून वाचलं आणि थांबलो. परत वाचलं. आईच्या नावात ळ आहे. कागदावर ल आहे. कन्नडमध्ये ळ नाही असं नव्हे, आपल्यासारखाच त्यांच्याकडंही ळ आहे, गावाच्या नावात दोन आहेत. लिहिताना कुणीतरी चुकलं आणि तो कागद तसाच चालत राहिला. आधारकार्डावर ळ, पहाणीवर ल. बाबा गेल्यावर वारसा लागला तेव्हापासूनचा हा कागद, म्हणजे अकरा वर्षं. तेवढ्या काळात निदान चौघांकडून वाचून घेतला असेल. त्यांनी मोठ्यानं वाचताना आईचं नाव बरोबरच वाचलं, कारण नाव त्यांना माहीत होतं.

आईला बोट ठेवून दाखवलं. ती बराच वेळ त्या अक्षराकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हे मी न्हवं तर." होळी पेटायची वेळ झाली म्हणून बायकोनं हाक मारली तेव्हा उठलो.

२३ मार्च, रविवार

चहाबद्दल. ८२ दिवस झगडूनही निम्मे दिवस नापास. मागच्या आठवड्यात प्रत्येक चौथ्या चहापाशी कोण होतं ते लिहून ठेवलं. सहापैकी पाच वेळा टपरीवर मी दुसऱ्याला बोलावलेलं होतं, तहान किंवा तलफ नव्हती. जॉब सेट करून दिल्यावर पोराला "चल, चहा घेऊ" म्हणायची माझी पद्धत आहे, शाबासकी म्हणून. तीन कपांचा नियम तिथं लागू पडत नाही, कारण तो चहा माझ्यासाठी नसतोच. बुधवारपासून पोराला चहा, मला बिनसाखरेचा काळा. टपरीवाल्यानं दोन दिवस नाक मुरडलं, आता विचारत नाही. चार दिवस, चार ठिपके. हे आधी लिहून ठेवलं असतं तर दीड महिना वाचला असता. नापास दिवसाच्या पुढं कारण लिहा, नुसती फुली नको.

३० मार्च, रविवार. पाडवा

८९वा दिवस. ठिपके मोजले: चालणं ६३, कन्नड ७१, चहा ४७. खर्च ३,२५९ रुपये, त्यातले पट्ट्याचे १,४९९ फुकट. दंडाच्या ६५० मधून आईनं गुढीला वडगावच्या मागावरची साडी आणली, हिरवी, लाल काठाची. सकाळी डेपोतून येताना कडुनिंबाची डहाळी घेऊन आलो. शेजारच्या कन्नड घरातून युगादीचं बेवू-बेल्ल आलं, कडुनिंब आणि गूळ. आपल्याकडूनही तेच गेलं.

नव्या तक्त्यावर दोनच रकाने आहेत, कन्नड आणि चहा. चालण्याला रकाना नाही.

गुढीची पूजा झाल्यावर पाटीच्या जागी वही ठेवली आणि नाव दुरुस्तीचा अर्ज लिहायला बसलो. उद्या ईदची सुट्टी. मंगळवारी माझी दुसरी पाळी, सकाळ मोकळी आहे, आईला घेऊन जाणार. मसुदा सोबत्यानं बघून दिलाय, पण अक्षर माझं. आई शेजारी पाट घेऊन बसली होती, कुंकवाचा करंडा मांडीवर. सगळ्यात वर मधोमध शब्द लिहायचा होता, अर्जी. अ काढला. मग जि. मग त्याच्या उजवीकडं, नऊच्या आकड्यासारखा, र.

"झालं काय?" आईनं विचारलं.

"एक शब्द झाला. अजून पान आहे."

तिनं करंडा उघडला नाही. पान भरेपर्यंत तशीच बसून राहिली.